पुसलेल्या फिती, जपलेले आवाज

'डॉक्टर हू' या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेचे पुढे काय होणार, याविषयी 2025 च्या ऑक्टोबरात बरीच चर्चा झाली. डिस्ने कंपनीची बी.बी.सी.शी असलेली भागीदारी पुढे चालणार नाही असे त्या महिन्यात जाहीर झाले, आणि मालिका आपण चालूच ठेवू असे बी.बी.सी.ने सांगितले. पैसा कोण घालणार, नवा नायक कोण, हे प्रश्न महत्त्वाचे खरेच. पण मला या प्रकरणात अधिक विचार करण्याजोगी वाटते ती मालिकेच्या जुन्या भागांची गोष्ट. गेली काही वर्षे मी ते भाग क्रमाने पाहत आलो आहे, आणि पाहताना दर दोन-चार कथांनी वाट तुटते. पुढचा भाग पाहावयास मिळतच नाही, कारण तो जगात कुठे सापडलेलाच नसतो.

ज्यांना या मालिकेचा परिचय नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिला भाग 23 नोव्हेंबर 1963 रोजी दाखवण्यात आला. आदल्या दिवशी अमेरिकेत अध्यक्ष केनेडींचा खून झाला होता, तेव्हा लोकांचे लक्ष कुठे असणार? म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला पुन्हा दाखवावा लागला. नायक परग्रहावरचा प्रवासी. त्याचे वाहन बाहेरून पोलिसांच्या निळ्या पेटीसारखे, आत मात्र वाड्याएवढे. आणि तो काळातही प्रवास करतो. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौला जन्मलेले, त्या वेळी जेमतेम पंचविशीचे. इंग्रजीत कादंबरी लिहिणाऱ्या अतिया हुसेन यांचे ते चिरंजीव. पहिले नायक विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना, तेव्हा 1966 मध्ये निर्मात्यांनी युक्ती काढली की हा प्रवासी देह बदलू शकतो. त्या युक्तीवर मालिका साठ वर्षांहून अधिक टिकली. परंतु ज्या भागात हा पहिला देहपालट घडला, तो भागच हरवला. नेमका पालटाचा क्षण तेवढा उरला, आणि तोही लहान मुलांच्या दुसऱ्या एका कार्यक्रमात पुढे कधीतरी दाखवला गेला होता म्हणून.

हे हरवणे म्हणजे आग नव्हे, पूर नव्हे, चोरीही नव्हे. बी.बी.सी.ने स्वतःच ते भाग पुसले. चित्रण ज्या दोन इंच रुंदीच्या फितीवर होई ती फीत महाग असे, आणि पुसून पुन्हा वापरता येई. नटांच्या संघटनेशी असलेल्या कराराने पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. म्हणजे फीत ठेवली तरी दाखवता येणार नव्हती. परदेशांना विकण्यासाठी पडद्यासमोर कॅमेरा ठेवून 16 मिलिमीटरच्या फिल्मवर प्रती काढल्या जात, त्या विक्री खात्याकडे असत. पुढे 1969 मध्ये मुख्य वाहिनीवर रंग आले आणि कृष्णधवल मालाला गिऱ्हाईक उरले नाही. विक्रीच्या हक्कांची मुदत संपली तशा फिल्मही जाळल्या गेल्या वा टाकून दिल्या गेल्या. यातली खरी कचेरीची गंमत पुढेच आहे. फिती पुसणाऱ्या खात्याला वाटे की प्रती विक्री खात्याकडे आहेत. विक्री खात्याला वाटे की मूळ प्रत जपणे हे आपले कामच नव्हे. आणि फिल्मचे जे ग्रंथालय होते ते चित्रफितींना आपल्या दप्तरात धरीत नसे. कोणीही दुष्ट नव्हता. प्रत्येकाच्या टेबलावरचा कागद बरोबर होता. 1978 च्या सुमारास धोरण बदलले, तोपर्यंत 1963 ते 69 मधल्या 253 भागांपैकी शंभराहून अधिक गेले होते.

आता दुसरी बाजू पाहा. त्या काळी इंग्लंडात काही मुले शनिवारी संध्याकाळी घरातल्या संचासमोर ध्वनिमुद्रक मांडून बसत, आणि आईने मध्येच जेवायला हाक मारू नये म्हणून दटावत असत, असे म्हणतात. या मुलांमुळे एकूण एका हरवलेल्या भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. चित्र गेले, संवाद राहिले. जॉन क्युरा नावाचे एक छायाचित्रकार होते. त्यांचा धंदाच असा की पडद्यावर चाललेल्या कार्यक्रमाची छायाचित्रे घ्यायची आणि दिग्दर्शकांना, नटांना विकायची. त्या छायाचित्रांच्या आणि घरगुती फितींच्या आधारे काही भाग पुढे रेखाचित्रपटाच्या रूपात पुन्हा उभे करण्यात आले. ज्याची मालकी होती त्याने टाकले, आणि ज्यांचा काडीचा हक्क नव्हता त्यांनी राखले. जुन्या घरांत मोडी दप्तरांच्या वखारी उधईच्या स्वाधीन झालेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

परदेशी गेलेल्या प्रतींपैकी काही परत आल्या. 1991 च्या अखेरीस हाँगकाँगहून एक संपूर्ण कथा आली, 1999 मध्ये न्यूझीलंडहून एक भाग, आणि 2013 मध्ये नायजेरियातील जॉस शहरातल्या दूरचित्रवाणी केंद्रातून नऊ भाग. तेव्हा हरवलेल्यांचा आकडा 106 वरून 97 वर आला. जॉसच्या भागांपैकी पाच 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' या 1967-68 च्या कथेचे. तिच्या सहा भागांपैकी तोवर फक्त तिसरा शिल्लक होता, आणि तोच सर्वांत रटाळ. एका भागावरून रसिकांनी अख्खी कथा निकालात काढली होती. सगळे भाग पाहिल्यावर बहुतेकांनी मत बदलले. मलाही ती त्या दशकातल्या उत्तम कथांपैकी वाटते. पॅट्रिक ट्रॉटन यांनी तीत नायक आणि सालामांडर नावाचा हुकूमशहा अशा दोन्ही भूमिका केल्या आहेत, आणि दोघांच्या चालण्यात, बोलण्यात, नुसत्या पाहण्यातही एवढा फरक आहे की केवळ आवाजाच्या फितीवरून तो कधीच कळला नसता. हा सालामांडर सूर्याची ऊर्जा साठवून पिके वाढवतो, म्हणून जग त्याला दाता मानते. खाली भुयारात मात्र त्याने काही माणसे वर्षानुवर्षे कोंडली आहेत. वर अणुयुद्ध चालू आहे असे सांगून तो त्यांच्याकडून भूकंप घडवून आणतो. त्यांचा भ्रम फिटतो तो कशाने? वरून आलेल्या खाद्याच्या खोक्याला चिकटलेल्या वर्तमानपत्राच्या कपट्याने. सहल करणाऱ्या जहाजाची बातमी असते तीत. युद्ध चालू असते तर सहली कुठल्या?

उलटही घडले. हाँगकाँगहून आलेली 'द टूम ऑफ द सायबरमेन' ही कथा पंचवीस वर्षे न पाहता लोकांनी डोक्यावर घेतली होती. प्रत्यक्षात तीत थंडगार कबरी फोडून निघणारे यंत्रमानव अजूनही अंगावर काटा आणतात. पण टोबरमन नावाचा कृष्णवर्णीय पहिलवान, जो जवळजवळ मुका आणि मालकिणीचा निमूट चाकर म्हणून दाखवला आहे, त्याच्याकडे पाहताना आजच्या माणसाला अवघडायला होते. 1977 ची 'द टॅलन्स ऑफ वेंग-चियांग' तर याहून कठीण. लेखन रॉबर्ट होम्स यांचे, अतिशय चटकदार. आणि चिनी जादूगाराच्या भूमिकेत रंग फासलेला गोरा नट. अशा कथा काढून टाकाव्यात असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. आधी चार वाक्यांची सूचना द्यावी आणि कथा जशी आहे तशी दाखवावी. इंग्रज समाज 1977 मध्ये सायंकाळी मुलाबाळांसह काय पाहून हसत होता, याचा याहून प्रामाणिक पुरावा दुसरा मिळणार नाही.

आपल्याकडे या बाबतीत बढाई मारण्यासारखे फारसे नाही. 1931 च्या 'आलम आरा'ची एकही प्रत उरलेली नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये निघाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने त्यासाठी आयुष्य वेचले, म्हणून फाळक्यांचे काही तरी हाती लागते. तरी 2003 च्या जानेवारीत पुण्यातच नायट्रेट फिल्मांना आग लागून पुष्कळ ठेवा गेला. असो.

जे उरले आहे त्याची गाठ आता नव्या अडचणींशी आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये साठाव्या वर्षानिमित्त बी.बी.सी.ने आठशेहून अधिक भाग ब्रिटिश प्रेक्षकांना एकत्र खुले केले. त्यांत पहिली कथा, म्हणजे हुसेन यांनी दिग्दर्शित केलेली, नव्हती. फिल्म सुखरूप होती. लेखक अँथनी कोबर्न यांच्या वारसांकडील हक्कांचा प्रश्न सुटला नव्हता. प्रत असूनही दाखवता येत नाही, ही पुसण्याची सभ्य आवृत्ती म्हणावी लागेल. त्याच महिन्यात 1963-64 ची सात भागांची 'द डेलेक्स' ही कथा रंगवून, पंचाहत्तर मिनिटांत बसवून, नवे संगीत घालून दाखवण्यात आली. पुढच्या वर्षी डिसेंबरात दहा भागांची 'द वॉर गेम्स' दीड तासाची झाली. नव्या पिढीला संथ कृष्णधवल कथा झेपत नाहीत म्हणून हे केले, आणि माझ्या माहितीच्या एका तेरा वर्षांच्या मुलीने ती रंगीत कथा मोठ्या आवडीने पाहिली, हेही नमूद करतो. पण त्या संथपणातच जुन्या मालिकेचा जीव होता. दर भागाच्या शेवटी धोका, मग आठवडाभर थांबणे; पंचाहत्तर मिनिटांत धोके राहतात, थांबणे जाते. मूळ सात भागही शेजारीच पाहावयास ठेवले होते, तोवर रंगीत आवृत्तीविरुद्ध तक्रार नाही. मागणी कमी, जागा महाग, हक्कांचा खर्च परवडत नाही, अशा कारणांनी मूळ भाग उद्या कोणी बाजूला काढू लागले, तर ती कारणे 1970 च्या सुमारास ज्या टिपणांवर सह्या झाल्या त्यांतलीच असतील, आणि आज घरोघरी ध्वनिमुद्रक मांडून बसलेली मुले नाहीत.