वाट कुणी सोडायची?

नाशिकच्या डोंगरवाटांवर भांडण कुणाचं आहे, असं विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं: ट्रेकर आणि सायकलवाल्यांचं. ट्रेकर म्हणतो, हे चाकवाले वळणावरून अंगावर येतात, घंटी वाजवत नाहीत आणि वर आपल्यालाच ‘साइड, साइड’ म्हणून ओरडतात. सायकलवाला म्हणतो, पन्नास-पन्नास जणांचे जथे वाट अडवून फोटो काढत उभे असतात, पाठपिशवीत स्पीकर वाजत असतो, मग घंटी ऐकू कशी जाणार? दोघांच्या तक्रारी खऱ्या आहेत. पण ज्या वाटेवरून हे दोघे भांडतात ती त्या दोघांचीही नाही, आणि तिच्या खऱ्या धन्याला या भांडणात कुणी बोलावलेलंच नाही.

मी सायकलवाल्यांपैकी आहे. जाड टायरची सायकल घेऊन गंगापूर धरणाच्या मागच्या अंगाला, पांडवलेणीच्या पाठीमागे, त्र्यंबकच्या बाजूला रविवारी पहाटे फिरणारा. तेव्हा इथे जे लिहितो आहे ते आधी माझ्याच मंडळींना उद्देशून आहे, ट्रेकरांना त्यानंतर.

नाशिकला सायकलीचा अभिमान आहे आणि तो असायलाही हवा. २०१५ साली याच शहरातल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. असं करणारा तो पहिला भारतीय संघ. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी जाते. डांबरी रस्त्यावर सायकलस्वार हा दुबळा पक्ष असतो. ट्रक, बस, मोटार सगळे त्याला कडेला ढकलतात, म्हणून तिथे आम्ही हक्काने म्हणतो की मोठ्याने लहानाला सांभाळून घ्यावं. तोच सायकलस्वार डांबर सोडून पायवाटेवर आला की तिथला ट्रक तोच होतो. रस्त्यावर मागितलेला न्याय वाटेवर द्यायची वेळ आली की आमच्यातले बरेच जण गप्प होतात. इथूनच माझं भांडण सुरू होतं.

आधी वाट कुणाची ते पाहू. ब्रह्मगिरीच्या अंगावर मेटघर नावाचं गाव आहे. मेट म्हणजे किल्ल्याखालची पहाऱ्याची चौकी. त्या चौक्यांवरच्या माणसांची वस्ती झाली आणि सुपलीची मेट यांसारखी पाड्यांची नावं उरली. किल्ल्याचं राज्य गेलं, पाडे राहिले, आणि पाड्यांना खाली बाजाराशी, विहिरीशी, शाळेशी जोडणाऱ्या वाटाही राहिल्या. ज्या भागात गोदावरी उगम पावते त्याच भागात उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन उतार चढतात. मोळी येते, गवताचे भारे येतात, आजारी माणूस झोळीत घालून खाली आणला जातो. आपण ज्याला ट्रेल म्हणतो, तो यांचा रोजचा रस्ता आहे.

कागदही हेच सांगतो. जुना गावनकाशा काढून पाहा. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग. आपल्या महसुली भाषेत ‘वहिवाट’ असा सुंदर शब्द आहे: वापरून वापरून मिळालेला हक्क. जंगलातली गोष्ट जरा वेगळी. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २५ नुसार राखीव वनातली वाट सरकारच्या मंजुरीने बंद करता येते. मात्र तिला सोयीचा पर्याय असला किंवा दिला पाहिजे. म्हणजे इंग्रजांच्या कायद्यालाही ठाऊक होतं की वाट बंद केली तर कुणाचं तरी जगणं अडतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने पुढे जाऊन चराईचा, गौण वनोपजाचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वावराचा हक्क मान्य केला. या कागदांत रविवारच्या छंदाला पहिलं पान नाही, आणि ते योग्यच आहे.

आता घोड्याकडे येतो. परदेशात वाटांवरच्या भांडणात घोडेस्वार हा तिसरा पक्ष असतो आणि तोही बहुधा हौशी असतो. आपल्याकडचा घोडा वेगळा. धनगराचं बिऱ्हाड तुम्ही पाहिलं असेल: पुढे मेंढरं, कडेला कुत्री आणि मागे घोड्यावर लादलेला सगळा संसार. घोंगड्या, भांडी, बांधलेल्या कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी त्यावरच बसवलेलं पोर. जिल्ह्याच्या कोरडवाहू तालुक्यांतले मेंढपाळ चाऱ्यामागे असे फिरतात, शेतकऱ्याच्या रानात वाडा बसवतात आणि लेंडीखत देऊन पुढे सरकतात. तो घोडा बुजला तर एका कुटुंबाचं घर वाटेवर सांडतं. मेंढरं फुटली तर ती गोळा करण्यात दिवस जातो. आपल्याला मात्र मोबाइलच्या अॅपवर त्या टप्प्याची वेळ चाळीस सेकंदांनी कमी करायची असते.

इथे माझ्या मंडळींचा आवडता युक्तिवाद येतो: चाकाने वाटेची झीज कमी होते. अमेरिकेतल्या मोंटानामध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खूर आणि पाय यांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटते असं आढळलं, हे खरं आहे. पण तो अभ्यास मोंटानाच्या वाटांवरचा आहे, सह्याद्रीच्या पावसातला नाही. इथे जुलैत ओल्या उतारावर चाकाने पाडलेली चाकोरी म्हणजे पाण्याला दिलेली नाळी असते. पाच-सहा सरींत तिचा ओहोळ होतो. आणि मातीचं सोडून दिलं तरी मुख्य मुद्दा उरतोच. वाटेवर चालणारी बाई चाकाला घाबरते. ती कडेच्या काट्यात उभी राहते, डोक्यावरचा भारा तोलत, आणि तुम्ही निघून जाता. तिच्या भीतीचं माप कुठल्याही अभ्यासात घेतलेलं नाही. ज्या वाटेवर ती कालपर्यंत बेफिकीर चालत होती तिथे आज तिला मागे वळून पाहावं लागतं, हे नुकसान माझ्या हिशेबी मातीच्या झिजेपेक्षा मोठं आहे.

ट्रेकरांनी इतक्यात टाळ्या वाजवू नयेत. हरिहरच्या त्या उभ्या, कातळात कोरलेल्या पायऱ्या आठवा. एका वेळी एकच माणूस नीट मावेल एवढी रुंदी, बोटं रोवायला खोबण्या. सुट्टीच्या दिवशी तिथे वर जाणारे आणि खाली येणारे अर्ध्यावर समोरासमोर अडकतात आणि खालचे वरच्यांना शिव्या देतात. तिथे ना सायकल आहे, ना घोडा. म्हणजे दोष एकट्या चाकाचा नाही. वाट सोडायची ती दुसऱ्याने, हा समज दोन पायांवरही तितक्याच ताठ्याने चालतो. पैसे घेऊन बसभर माणसं आणणारे आयोजक पायथ्याच्या गावाला कचरा आणि गोंगाट देतात, आणि तेच सायकलवाल्यांवर बंदी मागतात तेव्हा हसू येतं.

हे भांडण जगात नवं नाही. कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात माउंट टॅमलपायसच्या उतारांवर १९७० च्या दशकात डोंगरी सायकलीचा खेळ रुजला, आणि त्याच डोंगरांवर पायी फिरणारे व घोडेस्वार यांच्याशी तिचं वाजलं. अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या. १९८८ मध्ये तिथल्या सायकल क्लबांनी मिळून आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली, ती वाटा हातच्या जाऊ नयेत म्हणूनच. तिकडच्या वाटांवर एक त्रिकोणी पाटी दिसते: चाकाने पायाला वाट द्यावी, आणि दोघांनी घोड्याला. ब्रिटनने तर हे थेट कायद्यात लिहिलं. १९६८ च्या कंट्रीसाइड अॅक्टने घोडवाटांवर सायकलला प्रवेश दिला, पण त्याच कलमात अट घातली की सायकलस्वाराने पादचाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट दिली पाहिजे. हक्क आणि कर्तव्य एकाच दमात सांगितलं.

ही पाटी मात्र जशीच्या तशी उचलून अंजनेरीला लावू नका. आपल्याकडे तिच्या वर आणखी एक पायरी लागते, ओझ्याची. माझ्या मते क्रम असा हवा: डोक्यावर किंवा पाठीवर ओझं असलेला माणूस सर्वांत आधी, मग जनावर, हाकणाऱ्यासह, मग रिकाम्या हाताने चालणारा, सर्वांत शेवटी सायकल. इंजिन या यादीत नाही, कारण त्याची जागा पायवाटेवर नाही.

यात परकं काही नाही. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची समाधी आहे, तिथून दरवर्षी पालखी पंढरपूरला निघते. वारीत मागून येणारा ‘माउली’ म्हणतो आणि पुढचा सरकतो. वाट मागायची असते, ओरडून काढून घ्यायची नसते, हे त्या एका शब्दात आहे. आणि रिंगणात हजारोंची गर्दी स्वतःला आवरून घोड्याला मोकळी वाट करून देते, तेही हौसेने. हे ज्यांच्या रक्तात आहे त्यांना धनगराच्या घोड्यासाठी सायकलवरून उतरणं जड का जावं?

आता आक्षेप. पहिला: वेगवेगळ्या वाटा करा, भांडण मिटेल. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण डोंगर एकच आहे. अंजनेरीच्या पठारावर सेरोपेजिया अंजनेरिका ही वनस्पती आहे, २००६ मध्ये विज्ञानाला ठाऊक झालेली आणि याच डोंगराचं नाव लावणारी. कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. तिथे प्रत्येक छंदाला वेगळी वाट खोदायची म्हणजे आपल्या मानापमानाची किंमत डोंगराकडून वसूल करायची. दुसरा आक्षेप: सरसकट बंदी घाला. बंदी पाळली जाते ती बिनओळखीच्या माणसाकडून. गाडीभर मित्र आणि एखादा फोन असलेला माणूस आत जातोच, आणि अडवली जाते ती मोळीवाली. तिसरा आक्षेप आमच्यातला: आम्ही पैसा आणतो, चहा-भाकरी विकली जाते. विकली जाते, जरूर. पण भाकरी विकत घेतली म्हणून अंगण आपलं होत नाही.

भांडण असंच चालू ठेवलं तर काय होतं, ते माथेरानला पाहा. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे पाय, घोडा आणि माणसाने ओढायची हातरिक्षा. त्या लाल मातीच्या रस्त्यावर चालणारे, अश्वपाल, रिक्षा ओढणारे, शाळकरी पोरं, म्हातारी माणसं यांचं वर्षानुवर्षं जमलं नाही. घोडेवाल्यांनी ई-रिक्षांना विरोध केला, पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात म्हणून तक्रारी झाल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. माणसाने माणसाला ओढण्याची ती लाजिरवाणी प्रथा जायलाच हवी होती. पण गावाच्या रस्त्यावर कोणता दगड बसवायचा, हे दिल्लीत ठरावं लागलं. वाटेचे वापरणारे आपसांत क्रम लावत नाहीत, तेव्हा तो बाहेरचा कुणीतरी लावतो.

आपल्याकडे तो बाहेरचा दारात उभा आहे. सिंहस्थ तोंडावर आहे, त्र्यंबकच्या रस्त्यांची कामं निघाली आहेत. अंजनेरीवर गाडीरस्ता नेण्याचा प्रस्ताव आला, त्याला निसर्गप्रेमींनी विरोध केला. पाठोपाठ अंजनेरी-ब्रह्मगिरी रोपवेचा प्रस्ताव आला, त्यालाही विरोध झाला. असा प्रस्ताव येतो तेव्हा अधिकाऱ्याला एक वाक्य पुरतं: ‘वाटेवर फार गर्दी, फार वाद, सुरक्षित पर्याय हवा.’ ते वाक्य त्याच्या तोंडात आपण घालतो. दर आठवड्याला आपली एकेक तक्रार त्या फाइलला लागते. उद्या डांबर वर पोहोचलं की ट्रेकरलाही वाट उरणार नाही आणि सायकललाही. मोळीवालीला तर मोटारींच्या कडेने चालावं लागेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि ती वन विभागाकडे नाही, आधी आपल्या क्लबांकडे आहे. सायकलला घंटी नसेल तर डोंगरात येऊ नका. उतारावर माणूस दिसला की वेग पायी चालण्याइतका करा. ओझं दिसलं की उतरा आणि सायकल दरीच्या अंगाला घेऊन उभे राहा, डोंगराकडची बाजू त्यांना द्या. घोडा दिसला की लांबूनच थांबा, बोलत राहा, म्हणजे समोर माणूसच आहे हे त्याला कळेल. मेंढपाळ हात करील तेव्हाच पुढे सरका. पावसात वाट ओली असेल त्या दिवशी सायकल घरी ठेवा. टप्प्यांच्या वेळा नोंदवणारं अॅप पायवाटेवर बंद करा; शर्यतीसाठी त्र्यंबक रस्ता आहे. ट्रेकर आयोजकांनी गटाचा आकार पायथ्याच्या गावाला विचारून ठरवावा, स्पीकर गाडीतच ठेवावा, आणि अरुंद पायऱ्यांवर उतरणाऱ्यांना आधी येऊ द्यावं. आणि कोणत्या वाटेवर सायकल नकोच, हे सांगण्याचा अधिकार त्या गावच्या ग्रामसभेचा असावा. तिने नको म्हटलं की विषय संपला. त्यावर ऑनलाइन सह्यांची मोहीम काढायची नाही.

यातलं काही करायला निधी लागत नाही, परवानगी लागत नाही, निविदा काढावी लागत नाही. फक्त ब्रेक दाबावा लागतो आणि एक पाय जमिनीवर टेकवावा लागतो. ज्याला तेवढंही जमत नसेल त्याने डोंगरावर हक्क सांगू नये.