माजी सैनिक आणि पडद्यावरचे डॉक्टर

मुरबाड तालुक्यातील सत्तरी उलटलेल्या माजी सैनिकाला कुलाब्याच्या नौदल रुग्णालयात, म्हणजे 'अश्विनी'त, हृदयरोगतज्ज्ञाची भेट घ्यावयाची असेल, तर त्याचा दिवस पहाटेच सुरू होतो. मुरबाडला आजही रेल्वे नाही. एसटीने कल्याण गाठायचे, तेथून लोकलच्या गर्दीत सुमारे ५३ किलोमीटर मुंबईपर्यंत जायचे आणि पुढे पुन्हा बस. सोबतीला आलेल्या मुलाचा रोजगार बुडतो तो वेगळाच. एवढ्या यातायातीनंतर तज्ज्ञ पुष्कळदा जुने कागद पाहतात, गोळीचे प्रमाण बदलतात आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात.

हा हेलपाटा टाळण्याचे साधन उपलब्ध नाही, असे मुळीच नाही. माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना २००३ पासून अस्तित्वात आहे. २७ मे २०२१ रोजी संरक्षण खात्याने 'सेहत' ही दूरचित्राद्वारे वैद्यकीय सल्ल्याची सेवा सुरू केली आणि सेवेतील जवानांबरोबर माजी सैनिकांना व त्यांच्या कुटुंबीयांनाही ती खुली केली. उद्घाटनप्रसंगीच संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी तीत तज्ज्ञ डॉक्टर सामील करावेत आणि औषधे घरपोच देण्याची सोय करावी, असे सुचविले होते. खरी निकड नेमकी तेथेच आहे. सर्दी-तापासाठी ठाणे-डोंबिवलीत डॉक्टरांची वाण नाही. अडते ते हृदयरोग, मधुमेहाची गुंतागुंत आणि मनोविकार यांच्यापाशी.

तथापि, सेवा सुरू केली आणि ती मोबाईलवर मिळू लागली, की काम झाले, ही समजूत शहरी आहे. तोफखान्यात उमेद घालविलेल्या माणसाचे कान तोफांच्या आवाजाने अधू झालेले असू शकतात. मोबाईलमधला तुटक आवाज त्याला काय ऐकू येणार? शहापूरकडच्या एखाद्या वीरपत्नीने पासवर्ड आणि ओटीपी यांच्याशी झगडत बसावे, ही अपेक्षाही निष्ठुरच म्हटली पाहिजे. शिवाय समोर ईसीजीचा कागद नाही, रक्तदाब मोजणारा माणूस नाही, अशा स्थितीत तज्ज्ञानेही सल्ला द्यावा तो कशाच्या आधारावर?

याचे उत्तर देशातच सापडले आहे. २०१९ साली सुरू झालेल्या 'ई-संजीवनी'त गावच्या आरोग्य केंद्रातील प्रशिक्षित अधिकारी रुग्णाला शेजारी बसवून मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांशी जोडून देतो. हीच पद्धत माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमध्ये आणि मुरबाड-शहापूरच्या सरकारी रुग्णालयांतील एखाद्या खोलीत का आणू नये? एक परिचारिका, एक ईसीजी यंत्र, चांगला ध्वनिवर्धक आणि आठवड्यातून ठरलेला एक दिवस, यापलीकडे मोठा खर्च नाही. कोणाला त्या दिवशी बोलवावे, हे ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने आपल्या नोंदींवरून ठरवावे.

कायद्याची सबबही आता पुढे करता येणार नाही. अमेरिकेत सरकारी सेवेतील डॉक्टरांना राज्याच्या सीमा ओलांडून माजी सैनिकांवर पडद्यावरून उपचार करता यावेत, म्हणून २०१८ मध्ये स्वतंत्र नियम करावा लागला. आपल्याकडे मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नोंदणीकृत डॉक्टरला देशातील कोणत्याही भागातील रुग्णाला असा सल्ला देण्याची मोकळीक दिली आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पडद्यावर होत नाही, छातीत कळ आली तर रुग्णालयच गाठावे लागते, हे खरे. आणि काही औषधे केवळ दूरचित्र-सल्ल्यावर देण्यास त्याच तत्त्वांनी मनाई केली आहे, तीही योग्यच. परंतु फेरतपासणीच्या ज्या खेपा निव्वळ कागद दाखविण्यासाठी होतात, त्या वाचविण्यास यातील काहीही आड येत नाही.

मात्र तज्ज्ञाने लिहिलेले औषध त्याच खोलीत, त्याच दिवशी हाती पडले पाहिजे. नाहीतर सल्ला मुरबाडला मिळायचा आणि गोळ्यांसाठी त्या म्हाताऱ्याला पुन्हा कल्याणची एसटी धरावी लागायची.