नवरा बरोबर असेल तर व्हिसा फुकट

बाई परदेशी निघाली की तिला पहिला प्रश्न 'कुठे?' असा विचारत नाहीत, 'कुणाबरोबर?' असा विचारतात. सासरी हेच विचारतात, एजंटही हेच विचारतो. आणि युरोपचा कायदासुद्धा हेच विचारतो. घरातल्या प्रश्नाशी आपण भांडत आलो आहोत. कायद्यातल्या प्रश्नाबद्दल आपल्या गटांत फारसं बोललं जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी मासवण परिसरात काम करते. सूर्या नदीकाठच्या या गावांत परदेशप्रवास हा रोजचा विषय नव्हे. पण आमच्या किनारपट्टीची नातीगोती वर दमणपर्यंत पोचतात आणि दमणमध्ये पोर्तुगालचा पासपोर्ट ही नवलाई नाही. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज सत्ता गेली. त्याआधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवता येतं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. त्यामुळे नवरा पोर्तुगीज होतो, बायको भारतीय राहते.

अशीच एकजण सल्ला विचारायला आली. नवरा पोर्तुगीज नागरिक, इंग्लंडात गोदामात कामाला. तिची सख्खी बहीण जर्मनीत, बाळंतपणाला आलेली. हिला बहिणीकडे जायचं होतं. नवऱ्याला रजा नव्हती, आणि असती तरी मेहुणीच्या बाळंतपणासाठी तो ती खर्च करणार नव्हता. तिचा प्रश्न साधा होता : "ताई, मला एकटीला जाता येईल का?"

येईल. पण तिच्यापुढे दारं दोन आहेत.

पहिलं दार युरोपियन संघाच्या २००४ सालच्या निर्देशाचं. संघाचा नागरिक आपला देश सोडून संघातल्या दुसऱ्या देशात जात असेल, आणि त्याची परदेशी बायको त्याच्यासोबत किंवा त्याच्याकडे जात असेल, तर तिला व्हिसा फुकट द्यावा लागतो आणि लवकर द्यावा लागतो. बँकेतली शिल्लक दाखवावी लागत नाही, प्रवासविमा लागत नाही. शेंगेन व्हिसाच्या अर्जात काही रकान्यांवर फुली असते. ते अशा बायकोने भरायचेच नसतात. 'सध्याचा व्यवसाय' हा त्यांतलाच एक. (पोर्तुगीज नवऱ्याबरोबर खुद्द पोर्तुगालला जायचं असेल, तर मात्र हा निर्देश लागू होत नाही, हे लक्षात ठेवा.)

दुसरं दार एकटीचं. इथे जून २०२४ पासून फी ९० युरो, नकार आला तरी परत न मिळणारी. किमान ३०,००० युरोंचा विमा, बँकेचा उतारा, कमाईचा पुरावा. आणि शिवाय आपण परत येणार, हे अधिकाऱ्याला पटवायचं. बाई तीच, तिचं लग्न तेच. फरक इतकाच की शेजारी नवरा नाही.

कुणी म्हणेल, हा नियम बाईसाठी नाही, जोडीदारासाठी आहे. बायको पोर्तुगीज असेल तर भारतीय नवऱ्यालाही हेच लागू होतं. खरं आहे. कुटुंबाची ताटातूट होऊ नये हा त्यामागचा हेतूही चांगला आहे. पण दुसऱ्या दारापाशी उभा राहिलेला पुरुष पगाराची पावती आणि सातबारा घेऊन उभा असतो. मासळी विकणाऱ्या बाईच्या कमाईला पावती नसते. भात लावणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नसतं. बायकोचं नाव सातबाऱ्यावर यावं म्हणून महाराष्ट्रात १९९२ साली लक्ष्मीमुक्ती योजना आली. आज तीस वर्षांनंतरही मला बैठकीत विचारावं लागतं, "किती जणींचं नाव लागलंय?" आणि हात मोजकेच वर होतात. सारखा नियम असमान घरांना लावला, की ती असमानता व्हिसाच्या खिडकीपर्यंत जाते.

बायांकडे संशयाने पाहण्याची ही सवय जुनी आहे. १९७९ साली लग्नासाठी लंडनला उतरलेल्या ३५ वर्षांच्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्यचाचणी केली गेली. बोभाटा झाल्यावर ती प्रथा बंद करावी लागली. १९८५ साली स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात तीन स्त्रिया जिंकल्या. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या पुरुषाला बायको आणणं सोपं आणि बाईला नवरा आणणं अवघड, हा लिंगभेद आहे असं न्यायालय म्हणालं. सरकारने काय केलं? पुरुषांच्या बायकांसाठीही नियम तितकेच कडक केले. अशी समानता आपल्याला नको आहे.

आपली मागणी सरळ आहे. लग्नामुळे मिळालेला हक्क त्या बाईचा असावा, तिच्या सोबत्याच्या रजेवर आणि मर्जीवर तो टांगलेला नसावा. नवऱ्याबरोबर गेली तर भरवशाची आणि बहिणीकडे गेली तर संशयित, हे कोणत्या न्यायाने?

ही लढाई लांबची आहे. तोवर गटांनी काही कामं हाती घ्यावीत. पासपोर्टसाठी नवऱ्याची परवानगी किंवा सही लागत नाही. २०२५ साली मद्रास उच्च न्यायालयाने हे स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे. प्रत्येकीने पासपोर्ट काढावा आणि स्वतःजवळ ठेवावा. १९९८ च्या कायद्याने गावात ग्रामसेवकाकडे विवाहनोंदणी होते, ती करून घ्यावी. बचतगटाचे पैसे स्वतःच्या खात्यातून फिरवावेत, म्हणजे कमाईचा कागद तयार होतो. सातबाऱ्यावर आणि घरपट्टीवर नाव लावून घ्यावं. शेंगेन व्हिसा नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं आणि त्यावर अपील करता येतं, हे एजंट सांगत नाही, आपण सांगावं.

त्या बाईने दुसऱ्या दाराने अर्ज केला आहे. 'सध्याचा व्यवसाय' या रकान्यात ती 'गृहिणी' लिहायला निघाली होती. मी विचारलं, "पहाटे चारला उठून बंदरावर जातेस ते काय?" तिने 'मासळीविक्री' लिहिलं.