हूक लावणारा माणूस

जानेवारी आला की रस्ता सुरक्षा अभियानाचे फलक लागतात. एका सप्ताहाचा हा उपक्रम २०२१ मध्ये महिन्याचा झाला. हेल्मेट, सीटबेल्ट, दारू, मोबाइल हे विषय ठरलेले. बंद पडलेली गाडी न्यायला येणारा क्रेनवाला आणि त्याचा हेल्पर मात्र त्यांत सहसा नसतात.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बोरघाटात त्यांचे काम पाहावे. चढावर इंजिन, उतारावर ब्रेक तापून अवजड गाड्या थांबतात. खंडाळ्याजवळ जुना महामार्ग येऊन मिळतो, तिथे गाडी बाजूला घ्यायलाही धड जागा नाही. हवा उतरून ब्रेक जाम झालेला ट्रक टोचन करायचा तर हेल्परला खाली शिरून ब्रेक मोकळे करावे लागतात, शाफ्ट सोडवावा लागतो, साखळी अडकवावी लागते. तेवढा वेळ त्याची पाठ वाहतुकीकडे असते. त्यात मागे तुंबलेल्या रांगेचे हॉर्न आणि ‘लवकर काढा’चा घोशा.

सपाटीवर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. पन्नास मीटर मागे ठेवलेला लाल त्रिकोण चालकाला दोन सेकंदही देत नाही. तोही असलाच तर. एरवी झाडाची फांदी आणि चार दगड. गाडी निघून गेली तरी ते दगड तिथेच, पुढच्या गाडीसाठी.

अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनाने १९९६ मध्ये कायदा केला: कडेला मदतीचे वाहन उभे दिसले की शेजारची मार्गिका सोडा, नाहीतर वेग कमी करा. पुढे सर्व पन्नास राज्यांत असे कायदे आले. तिथेही टोइंग कामगार मरतातच, पण दोष कोणाचा हे तरी ठरलेले असते. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने रुग्णवाहिका, अग्निशमन आणि राज्य सरकार ठरवेल अशा तातडीच्या वाहनांना वाट न दिल्यास दहा हजारांचा दंड आला. तो येणाऱ्या वाहनासाठी; उभ्या क्रेनमागे वाकलेल्या माणसाचे काय? अपघातांच्या वार्षिक सरकारी अहवालातही त्याला वेगळा रकाना नाही. रस्त्यावर उभा असताना गेला, तर फार तर तो ‘पादचारी’.

तो रकाना आधी करावा. आणि मागची मार्गिका बंद करून दिवे लावलेली गस्तीची गाडी आडवी उभी राहिल्याशिवाय हेल्परने साखळीला हात लावायचा नाही, हे टोल घेणाऱ्यांच्या करारात लिहावे. रांग आणखी दहा मिनिटे वाढेल. वाढू द्यावी.