छापखाना आपला, मग प्रिंटर परक्याचा का?

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांची नावे मोठ्या वर्तमानपत्रांत येतात ती बहुधा कुपोषणाच्या बातमीत. १९९२-९३ साली वावर-वांगणीची बालके दगावली तेव्हा ती आली. २०१६ साली मोखाड्यातील खोच गावच्या बालमृत्यूची बातमी झाली तेव्हा पुन्हा आली. मंत्र्यांच्या गाड्या घाट चढून येतात, आश्वासने देतात आणि पाऊस संपायच्या आत सगळे विसरले जाते. पण बातमी नसते तेव्हाही या डोंगरात रोज एक लढाई चालू असते. ती लढाई कागदाची आहे. वनहक्काचा दावा, जातीचा दाखला, शिधापत्रिका, रोजगार हमीच्या मजुरीची तक्रार, माहितीच्या अधिकारातला अर्ज ह्या सगळ्याला कागद लागतो. येथील लोकसंख्येत नव्वद टक्क्यांच्या आसपास आदिवासी आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी. पिढ्यान् पिढ्या त्यांनी जमीन कसली, कागद मात्र दुसऱ्याच्या कपाटात राहिला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हा अन्याय काही अंशी तरी दूर करायचे ठरवले. त्याच कायद्याच्या कलम ६ मध्ये एक मुदत आहे. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे जायचे तर साठ दिवस, उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे जायचे तर पुन्हा साठ दिवस. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला तो स्थगित केला. त्या पंधरवड्यात देशभरच्या आदिवासींना कळले की फेटाळलेल्या दाव्याचे अपील वेळेत नोंदवणे म्हणजे काय. अपील तोंडी होत नाही. ते टंकलिखित करावे लागते, त्याला पुराव्यांच्या प्रती जोडाव्या लागतात. साठ दिवसांतला एक दिवस जव्हारला जायला, एक दिवस वीज नाही म्हणून परत यायला, एक दिवस दुकानातला यंत्रवाला नाही म्हणून थांबायला जातो. त्या प्रत्येक दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

म्हणून आज आम्ही एका साध्या वाटणाऱ्या विषयावर लिहीत आहोत. आपल्या कार्यालयातला संगणक आणि प्रिंटर कोणाच्या हुकुमावर चालतो? काही वाचक म्हणतील, चळवळीपुढे एवढे प्रश्न असताना वकीलसाहेबांना प्रिंटरचे काय पडले आहे? त्यांनी जरा थांबावे. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तेव्हा 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास नकार दिला होता, हा इतिहास आपण दर ३१ जानेवारीला सांगतो. त्या नकाराचा धडा बाबासाहेबांनी पुरता ओळखला आणि पुढे चळवळीचा स्वतःचा छापखाना उभा केला. दादरचा बुद्धभूषण छापखाना २५ जून २०१६ च्या पहाटे आंबेडकर भवनासह जमीनदोस्त झाला तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले. का उतरले? विटांसाठी नव्हे. आपला शब्द आपल्या यंत्रावर छापण्याचा हक्क त्या वास्तूत होता म्हणून. आज छापखाना टेबलावर मावतो. पण तो खरोखर आपला आहे काय, हे विचारायला आपण विसरलो आहोत.

वस्तुस्थिती पाहा. आपल्या बहुतेक संस्थांत, वाचनालयांत, वसतिगृहांत जुने संगणक असतात. कोणा हितचिंतकाने दिलेले, कंपनीने टाकून दिलेले. त्यावर विंडोजची प्रत असते आणि ती बहुधा चोरीची असते. ह्यात लाज वाटण्यासारखे आहेच, पण त्याहून मोठा धोका आहे. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ६३ ब नुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. त्याला किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. वापर नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करून दंड पन्नास हजारांच्या आत ठेवू शकते, एवढीच सवलत. जी संघटना वनखात्याशी, सावकाराशी, ठेकेदाराशी भांडते तिने आपल्याच टेबलावर विरोधकासाठी काठी ठेवावी, हे कोणते शहाणपण?

त्यात भर पडली ती १४ ऑक्टोबर २०२५ ची. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ थांबवले. विंडोज ११ साठी कंपनीने अशा अटी घातल्या आहेत की साधारण २०१७ पूर्वीच्या प्रोसेसरचे संगणक बादच ठरतात. यंत्र धडधाकट आहे, पण मालक म्हणतो ते म्हातारे झाले! मग नवे घ्या, पुन्हा पैसे मोजा. शहरातल्या नोकरदाराला हे परवडेल. मोखाड्यातल्या वाचनालयाला परवडणार आहे काय?

याला पर्याय आहे. तो नवा नाही आणि गंमत अशी की त्याची सुरुवात प्रिंटरवरूनच झाली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करी. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सर्वांच्या पडद्यावर सूचना यावी, अशी दुरुस्ती त्याने त्या यंत्राच्या प्रणालीत केली होती. १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. त्यातही कागद अडके, पण त्याच्या प्रणालीचा मूळ मजकूर कंपनीने दिला नाही. ज्या दुसऱ्या संशोधकाकडे तो होता त्याने, गुप्ततेचा करार केला आहे, असे सांगून हात वर केले. म्हणजे यंत्र समोर, दोष समोर, दुरुस्त करणारा समोर, पण ज्ञानाला कुलूप! हे कुलूप आपल्या समाजाला नवे नाही. कोणी वाचायचे आणि कोणी कानसुद्धा द्यायचा नाही, हे ठरवणारी व्यवस्था आपण शतकानुशतके भोगली आहे.

स्टॉलमनने २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. या दोन्हींच्या मेळातून आजच्या मुक्त संगणक प्रणाली उभ्या राहिल्या. डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट आणि आपल्या सी-डॅकने २००७ साली आणलेली बॉस ही त्यातलीच नावे. वकील म्हणून आम्हाला यातली सर्वात मोठी गोष्ट वाटते ती तिचा परवाना. १९८९ सालच्या जीपीएल परवान्याने प्रताधिकाराच्या कायद्याचेच हत्यार उलटे धरले. वापरा, तपासा, बदला, वाटा, पण पुढच्यालाही हेच हक्क द्या, असा तो करार आहे. इंग्रजीत यासाठी जो शब्द आहे त्याने फुकट की मुक्त असा घोळ होतो. मराठीत तो होण्याचे कारण नाही. फुकट मिळते ती भीक असू शकते. मुक्त असतो तो हक्क.

आता प्रत्यक्ष कामाचे बोलू. मुक्त प्रणाली लावली की प्रिंटर चालत नाही, अशी ओरड आम्ही नेहमी ऐकतो. तीत अर्धे सत्य आहे. संगणक आणि प्रिंटर यांच्यामध्ये एक दुभाषी लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. ज्या प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएलसारखी सर्वांना ठाऊक असलेली भाषा येते, त्याला दुभाषी सहज मिळतो. पण स्वस्त लेझर प्रिंटरपैकी अनेकांना स्वतःचे डोके नसते. पानावरचा प्रत्येक ठिपका संगणकाने तयार करून द्यायचा आणि तोही कंपनीच्या गुप्त भाषेत. आपल्याकडच्या कचेऱ्यांत सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० असाच, त्याची भाषा 'कॅप्ट' नावाची. एचपीचा लेझरजेट १०२० तर दरवेळी चालू केला की संगणकाकडून आपली प्रणाली नव्याने मागतो. लिनक्सच्या नावाने जी शिवी दिली जाते ती खरे तर ह्या कुलपाला द्यायला हवी.

तरीही ही कुलपे उघडणारे लोक जगात आहेत. आमच्या कायदा मदतीच्या कामात देणगी म्हणून असाच एक मुका प्रिंटर आला. बनवणाऱ्या कंपनीने मुक्त प्रणालीसाठी काहीच दिलेले नव्हते. कोणा परदेशी स्वयंसेवकाने त्या यंत्राची भाषा स्वतः उकलून लिहिलेला ड्रायव्हर मिळाला आणि दोन संध्याकाळच्या खटपटीनंतर दाव्यांचे पहिले पान बाहेर आले. त्या माणसाला मोखाडा कोठे आहे हे ठाऊक नसेल, पण त्याच्या कामावर येथील कातकऱ्याचे अपील छापले गेले.

नव्या यंत्रांबाबत तर चित्र बरेच सुधारले आहे. लिनक्सवरचे छपाईचे काम कप्स नावाची प्रणाली पाहते. मायकेल स्वीट यांनी ती १९९९ साली आणली. पुढे अ‍ॅपलनेही तीच स्वीकारली. आज ज्या प्रिंटरच्या खोक्यावर एअरप्रिंट, मोप्रिया किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर असे लिहिलेले असते तो बहुधा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखला जातो. वायफाय असो वा यूएसबीची तार, सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटर जोडा म्हटले की नाव दिसते. एप्सनच्या शाईच्या टाकीवाल्या बऱ्याच प्रिंटरांचा ड्रायव्हर डेबियनच्या भांडारातच आहे, एचपीसाठी एचपीलिप आहे, ब्रदर कंपनी आपल्या संकेतस्थळावर लिनक्सचे ड्रायव्हर देते. एचपीच्या काही नमुन्यांना मात्र कंपनीची बंद पुरवणी वरून लागते, हे विकत घेण्याआधी पाहावे. स्कॅनरसाठी सेन नावाची व्यवस्था आहे. जुने सातबारे आणि वनखात्याच्या दंडाच्या पावत्या वनहक्क दाव्यात पुरावा ठरतात. त्यांच्या प्रती जपून ठेवायला तिचा फार उपयोग होतो.

मराठीचे काय, हाही प्रश्न येतो. लिनक्सवर युनिकोड मराठी आणि इनस्क्रिप्ट कळफलक तयारच असतो. लोहित अक्षरे तर रेड हॅट कंपनीने मुक्त परवान्याखाली खुली केली आहेत. दुकानातल्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला अर्ज दुसरीकडे उघडला की किडे-मुंग्या दिसतात. युनिकोडमधला अर्ज जव्हारलाही तोच आणि मंत्रालयातही तोच.

अडचणी नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. आधारसाठी बोटांचे ठसे घेणारे यंत्र किंवा डिजिटल सहीची किल्ली यांच्या कंपनीने लिनक्ससाठी सोय दिली असेल तरच ती चालतात. जेथे हे काम रोजचे आहे तेथे आधी चौकशी करावी, नाहीतर एक संगणक त्यासाठी वेगळा ठेवावा. दुसरा आक्षेप पालकांचा असतो. पोरांना नोकरीसाठी विंडोज यायला नको काय? जरूर यावे. पण ज्याने प्रिंटर जोडताना दुभाषी म्हणजे काय हे समजून घेतले त्याला कोणतीही प्रणाली चार दिवसांत येते. ज्याला फक्त कोठे क्लिक करायचे एवढेच शिकवले तो आयुष्यभर गिऱ्हाईकच राहतो. आपल्याला गिऱ्हाईक घडवायचे आहेत की कारागीर?

आणि हा काही वेड्या लोकांचा नाद नव्हे. केरळने आयटी ॲट स्कूल प्रकल्पातून २००० च्या दशकातच शाळांतले संगणक मुक्त प्रणालीवर नेले, तेही शिक्षकांना शिकवून. ई-कोर्ट प्रकल्पात न्यायाधीशांना उबुंटूचे प्रशिक्षण मिळाले. खटल्यांची नोंद ठेवणारी तेथील प्रणाली पुण्याच्या एनआयसी केंद्रात मुक्त स्रोतावरच घडली. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त स्रोत प्रणालीला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. मग न्यायाधीशाच्या टेबलावर जे चालते ते आश्रमशाळेत का चालू नये? ग्रामपंचायतीच्या खरेदीत ते का दिसू नये? धोरण कागदावर आणि ठेका नेहमीच्याच दुकानदाराला, हा खेळ आदिवासी विकासाच्या पैशावर किती दिवस चालणार?

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे. पहिले, यापुढे देणगीत किंवा खरेदीत प्रिंटर घ्याल तर लिनक्सवर चालतो काय हे लेखी विचारा. ग्रामसभेतही हाच प्रश्न विचारा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला योजना आणि खर्चावर देखरेखीचा अधिकार दिला आहे, तो यंत्र खरेदीलाही लागू करा. दुसरे, टाकाऊ म्हणून बाजूला ठेवलेल्या संगणकांवर हलकी मुक्त प्रणाली बसवा. ते आणखी काही वर्षे दावे आणि अर्ज लिहितील. तिसरे आणि सर्वात महत्त्वाचे, हे काम शहरातून आलेल्या एका जाणकाराच्या हाती ठेवू नका. खोडाळ्याच्या, जव्हारच्या मुलामुलींना शिकवा. एकाने दोघांना, दोघांनी चौघांना. ज्ञान एका माणसापाशी साठले की नवा भटजी तयार होतो, मग त्याच्या हातात पोथी असो की पेनड्राइव्ह.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे आपण म्हणतो. शिकण्यात आता यंत्राचे पोट उघडून पाहणेही आले. ज्याला आपला अर्ज आपल्या यंत्रावर, आपल्या भाषेत, कोणाच्या मेहेरबानीशिवाय छापता येतो, त्याला साठाव्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसून वीज येण्याची वाट पाहावी लागत नाही. तो एकविसाव्या दिवशीच समितीच्या दारात उभा असतो आणि पोच घेऊन परततो.

जय भीम!