रिकाम्या मात्रेचे धनी

1977 साली लंडनमध्ये पंक संगीताच्या आरडाओरडीला ऊत आला असता, अमेरिकन हेरखात्यातील अधिकाऱ्याचा कैरो-बैरूतमध्ये वाढलेला मुलगा स्टुअर्ट कोपलंड, न्यूकॅसलकडची मास्तरकी सोडून आलेला स्टिंग आणि या दोघांहून सुमारे नऊ वर्षांनी वडील असलेला, नाना वाद्यवृंदांचे पाणी प्यालेला अँडी समर्स, अशा तीन विजातीय प्रकृतींचे जे त्रिकूट जमले, त्याचे नाव ‘द पोलिस’.

जमैकाच्या रेगे संगीतामध्ये पहिली मात्रा बहुधा मोकळी सोडून ढोलाचा सारा भार तिसरीवर टाकतात. त्यामुळे समेवर मान डोलावण्याची पिढीजात सवय असलेल्या आपल्यासारख्या श्रोत्याचे पाऊल तेथे प्रथम चुकतेच. या तिघांनी ती पोकळी उचलली, आणि ‘सो लोनली’सारख्या गाण्यात कडवी रेगेच्या सैल चालीने नेऊन ध्रुपदाला एकदम रॉकचा सरळ, दणदणीत ठोका दिला. गोऱ्यांनी परक्याच्या मालावर व्यापार मांडला, हा आक्षेप मला सर्वस्वी निराधार वाटत नाही; परंतु कोपलंडच्या झांजांवरची ती बारीक, चंचल नक्षी कोणाच्या उसनवारीची नव्हे, हेही कबूल केले पाहिजे.

व्यवहारातही मंडळी कच्ची नव्हती. कोपलंडचे वडील बंधू माइल्स हे त्यांचे कारभारी. त्यांनी ध्वनिमुद्रिका कंपनीशी करारनामा करताना आगाऊ रकमेवर पाणी सोडून स्वामित्वधनाचा दर तेवढा वाढवून घेतला. मार्च 1980 मध्ये जगभ्रमंतीच्या ओघात हे त्रिकूट मुंबईतही मुक्कामास आले, आणि कुलाब्याच्या होमी भाभा सभागृहात, ‘टाइम अँड टॅलेन्ट्स क्लब’ या महिलांच्या संस्थेच्या विद्यमाने, धर्मादाय कार्यासाठी वाजवून गेले.

1983 च्या ‘सिंक्रोनिसिटी’ या संग्रहाच्या मुद्रणाच्या वेळी, कॅरिबियन समुद्रातील मॉन्टसेराट बेटावर, कोपलंडचे ढोल भोजनगृहात, समर्स मुख्य दालनात आणि स्टिंग यंत्रांच्या खोलीत, अशी तिघांची तीन ठाणी पडली होती, आणि असे एकमेकांचे तोंड न पाहता केलेल्या त्याच संग्रहातील ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ अमेरिकेत आठ आठवडे अग्रस्थानी राहिले. पुढे तिघे पांगले; 1986 मध्ये त्यांनी पुन्हा एकत्र मुद्रण करण्याचा घाट घातला, तो कोपलंड घोड्यावरून पडून गळपट्टीचे हाड मोडल्याने बारगळला. 2007-08 मध्ये मात्र ते पुन्हा जगभर हिंडले, आणि ऑगस्ट 2008 मध्ये न्यूयॉर्कला अखेरचा कार्यक्रम करून त्यांनी दप्तर बंद केले. त्या दौऱ्यातून नव्या गाण्यांचा संग्रह काही निघाला नाही, आणि त्याबद्दल मी तरी त्यांना दोष देणार नाही.