निळ्या गुच्छांचा हट्ट

पुण्या-नाशिकच्या बागप्रेमींची एक तक्रार ठरलेली असते. नर्सरीतून निळ्याशार गुच्छांचा हायड्रेंजिया हौसेने आणला, पुढच्या बहराला फुलं गुलाबी आली, म्हणजे नर्सरीवाल्याने फसवलं. खरं तर रोप तेच असतं आणि पाकळ्यांतलं रंगद्रव्यही तेच असतं. बदललेली असते ती माती आणि पाणी. म्हणून दख्खनच्या काळ्या मातीत हे झुडूप निळंच फुललं पाहिजे हा हट्ट आता सोडायला हवा. आणि ही गोष्ट रोप विकतानाच सांगणं ही नर्सरीची जबाबदारी आहे.

बाजारात सर्रास मिळणारा हायड्रेंजिया मॅक्रोफायला मूळचा जपानचा. तिथे जूनच्या पावसात तो ऐन भरात येतो. कामाकुराचं मेइगेत्सुइन हे मंदिर तर त्याच्या निळ्या फुलांसाठीच ओळखलं जातं. या निळाईमागे अॅल्युमिनियम असतं. मातीचा सामू साधारण ५.५ च्या खाली असला की तिच्यातलं अॅल्युमिनियम विरघळतं, मुळांवाटे फुलापर्यंत पोहोचतं आणि रंगद्रव्याशी जोडलं जाऊन त्याला निळं करतं. सामू ६.५ च्या वर गेला की मातीत अॅल्युमिनियम असूनही ते झाडाला मिळत नाही आणि फुलं गुलाबी येतात. या दोन टोकांच्या मध्ये जांभळट छटा दिसतात. पांढऱ्या फुलांच्या जाती मात्र कुठेही लावल्या तरी निळ्या होत नाहीत.

आता आपली जमीन पाहू. देशावरच्या काळ्या मातीचा सामू बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठच्या घरात असतो आणि तिच्यात चुनखडी भरपूर असते. त्यात बोअरचं जड पाणी घातलं की निळ्या फुलाची आशाच नको. घाटमाथ्यावर चित्र उलटं आहे. तिथला जांभा आम्लधर्मी आहे आणि त्यात लोह व अॅल्युमिनियम ठासून भरलेलं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सड्यांवर याच जांभ्याच्या थरांतून बॉक्साइट, म्हणजे अॅल्युमिनियमचं खनिज, काढलं जातं. महाबळेश्वरच्या उंचीवर अशा मातीच्या जोडीला गार हवाही मिळते. कोकण किनाऱ्यावर माती जांभ्याची, पण हिवाळा उबदार. या झुडपाला पुढच्या मोसमाची कळी धरायला काही आठवडे थंडी लागते. त्यामुळे मुंबईतल्या बाल्कनीत पहिल्या वर्षी नर्सरीतून आलेला बहर ओसरला की पुढे बऱ्याचदा नुसती पानंच वाढतात.

यावर घरगुती उपाय सुचवणाऱ्यांची कमी नाही. लिंबाचा रस, व्हिनेगर, गंजके खिळे, कॉफीचा चोथा असं बरंच काही मातीत घातलं जातं. चुनखडीच्या जमिनीत थोडंसं आम्ल ओतलं तर चुना ते लगेच मारून टाकतो. खिळ्यांतून लोखंड मिळेल, अॅल्युमिनियम नाही. कॉफीच्या वापरलेल्या चोथ्यात आम्ल फारसं उरलेलंच नसतं. त्यातल्या त्यात तुरटीला आधार आहे, कारण तिच्यात अॅल्युमिनियम असतं. पण ती उपयोगी पडते फक्त कुंडीत, तेही काळी माती न घालता भरलेल्या कुंडीत. कोकोपीट, पालापाचोळ्याचं कुजलेलं खत आणि जांभ्याची लाल माती असं मिश्रण घ्यावं, साठवलेलं पावसाचं पाणी घालावं आणि कळ्या धरण्याच्या काळात दोन-तीन आठवड्यांतून एकदा, चार लिटर पाण्यात छोटा चमचाभर तुरटी विरघळवून ते पाणी ओलसर मातीत द्यावं. जास्त दिली तर मुळं होरपळतात. शिवाय हाडांचा चुरा आणि सुपर फॉस्फेट बंद ठेवावं, कारण त्यातलं स्फुरद अॅल्युमिनियमला धरून ठेवतं.

इतका खटाटोप एखाद्या कुंडीपुरता हौसेने जरूर करावा. अंगणातल्या वाफ्यात मात्र दरवर्षी रसायनं ओतत राहणं मातीच्याही हिताचं नाही आणि झाडाच्याही. देशावरचा गुलाबी हायड्रेंजिया निळ्यापेक्षा तसूभरही कमी नाही. त्याची निगा नीट राखणं जास्त महत्त्वाचं.

ही निगा कुठे चुकते ते पानं सांगतात. कोवळं पान पिवळं पडलंय, पण त्याच्या शिरा मात्र बारीक जाळीसारख्या हिरव्याच आहेत, असं दिसलं की ऊस आणि भुईमूग पिकवणारा शेतकरी लगेच ओळखतो, हा केवडा. चुनखडीच्या मातीत लोह मिळत नसल्याची ही खूण आहे. अशा वेळी नत्राचं खत वाढवून उपयोग होत नाही. चिलेटेड लोह द्यावं लागतं किंवा हिराकसाची सौम्य फवारणी करावी लागते.

दुपारी पानं लोंबली की लोक घाबरून पाणी ओततात. मोठ्या पानांतून पाणी इतक्या वेगाने उडून जातं की माती ओली असतानाही झाड माना टाकतं. बोट मातीत दोन पेरं खुपसून पाहावं. ओल लागली तर संध्याकाळपर्यंत थांबावं, पानं आपोआप सावरतात. रोज चिखल केला तर मुळं कुजतात. सकाळचं तीन-चार तास ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशी पूर्वेची जागा याला सर्वांत मानवते.

सर्वांत जास्त बहर बुडतो तो कात्रीमुळे. पावसाळा सरला की आपल्याकडे गुलाबाची छाटणी होते आणि त्याच हाताने हायड्रेंजियाही छाटला जातो. गुलाब नव्या फुटीवर फुलतो. मॅक्रोफायला मात्र जुन्या फांदीवर फुलतो, आणि पावसाळ्याच्या अखेरीपासून फांदीच्या टोकाशी पुढच्या बहराच्या कळ्या धरू लागतात. तेव्हा छाटलं की पुढचा बहरच छाटला जातो. फुलं सुकली की लगेच, खालच्या सशक्त डोळ्यांच्या जोडीच्या वर कापावं आणि मग कात्री आत ठेवून द्यावी. पॅनिक्युलाटा या जातीचा मात्र नव्या फुटीवर बहर येतो, म्हणून ती थंडीच्या अखेरीस छाटली तरी चालते. घरात लहान मुलं किंवा पाळीव जनावरं असतील तर एवढंही ठाऊक हवं की या झुडपाचे सगळेच भाग विषारी आहेत आणि पोटात गेले तर त्रास होतो.

यातलं काहीच नर्सरीतल्या कुंडीवर लिहिलेलं नसतं. तिथे असते ती फक्त किंमत. पॉलिहाऊसमध्ये वाढवून फुलवलेलं रोप बहरात असताना विकायचं आणि ते महिन्याभरात मान टाकून बसलं की गिऱ्हाइकाने दुसरं न्यायचं, हा व्यवहार झाडाच्या जिवावर चालतो. प्रत्येक कुंडीला चार ओळींची चिठ्ठी लावणं काही अवघड नाही: जात कोणती, बहर जुन्या फांदीवर येतो की नव्या, ऊन किती लागतं आणि काळ्या मातीत रंग कोणता येईल. गिऱ्हाइकांनीही आपल्या मातीचा आणि पाण्याचा सामू आधी मृद चाचणी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा, आणि या चार प्रश्नांची उत्तरं जी नर्सरी देणार नाही तिथून हायड्रेंजिया विकत घेऊ नये.